विरजण

म्वान्झाहून तिघं आलेत बोटीनं,
पालिकेच्या टोप्या, कोऱ्या वह्या.
किसुमूच्या बाजारामागे अपोंडी
त्यांना थेट ढिगाशी नेते.
चहा नंतर, म्हणते.

कोपरापर्यंत हात खुपसते आत:
केळीची सालं, माशांची खवलं,
कोबीचे देठ, सुताराकडचा भुसा.
"भाजलं की समजायचं, चाललंय.
गार लागलं तर उलथायचं."

शिजा मबुला वहीत लिहितो, साठ अंश?
ती हसते. "आधी हात तर घाल."
तो घालतो.
झटक्यात काढतो. पुन्हा घालतो.

दोन शहरांत मिळून सरोवर एकच.
इकडची चप्पल तिकडे काठाला लागते,
तिकडच्या बाटल्या इकडे,
आणि इतकी वर्षं दोघंही
वाऱ्याला बोल लावत बसलेली.

संध्याकाळी सह्या झाल्या, हार झाले.
फोटोत अपोंडी नाही.
मासळीवाल्या बायका सात वाजता उठतात,
त्याआधी तिला त्यांच्या बादल्या गाठायच्या होत्या.

परतीच्या बोटीत
शिजा हात हुंगून बघतो.
साबणानं तीनदा धुतलाय.
मांडीवर गाठ मारलेली पिशवी,
तिनं दिलेलं मूठभर विरजण.

अजून कोमट आहे.