डिकीतली पेटी

श्रीलताची गाडी पांढरी, तिसऱ्या मालकाची.
सोमवारपासून ती रोज उमरग्याला जाणार,
सरकारी दवाखान्यात, रक्त तपासायला.
मला गाडी चालवता येत नाही.
पेटी भरता येते.

पेटी बॉबिनची. अक्कलकोट रोडचा कारखाना बंद झाला
तेव्हा शेवटच्या पगाराबदली जे हाती लागलं, त्यातली.
आतल्या फळीला अजून मागाच्या तेलाचा वास.

आधी टॉर्च. मग जंपर केबल, लाल आणि काळी.
कुठली कुठे लावायची ते इराण्णा पंक्चरवाल्यानं
दोनदा सांगितलं, मी तीनदा लिहून घेतलं.
लाल त्रिकोण, कात्री, गॉज एक,
पाण्याचा कॅन, दर रविवारी बदलायचा.
मेणबत्ती नरसम्मानं काढून टाकली:
"मे महिना आहे. संध्याकाळी डिकीत नुसती वात सापडेल."
आणि त्या जागी खोचल्या
डझनभर कडक भाकरी, वर्तमानपत्रात,
शेंगाचटणीची बरणी, झाकणाला रबराचे दोन वेढे.
"नाना, ही अडचणीची पेटी की डोहाळजेवणाची?"
श्रीलता हसत होती.

चादर बघून थांबली.
"त्रेचाळीस अंश आहे बाहेर."

पांघर कोण म्हणतंय?
गाडीखाली शिरावं लागलं तर अंथर.
उन्हात अडकलीस तर काचेवर टाक.
आणि चौघांनी चार टोकं धरली
तर माणूस उचलता येतो.

ती काही बोलली नाही.

चादर सेकंड मालातली, माझ्याच मागावरची.
मोराच्या मानेत एक आडवा धागा कमी आहे.
तुम्हाला दिसणार नाही.
मला दिवा मालवला तरी दिसतो.

मागावर ताण्याचा धागा तुटला
की एक पातळ पत्ती खाली पडायची
आणि माग आपला आपण थांबायचा.
जितके धागे तितक्या पत्त्या.
मी जायचो, टोकं शोधायचो, गाठ मारायचो,
दांडा ओढायचो.
एका पाळीत वीस वेळा, तीस वेळा.
त्याला कुणी संकट म्हटलं नाही.

सोलापूर सोडलं की बोरामणी,
इटकळ, नळदुर्ग, येणेगूर.
भरधाव ट्रकांच्या त्या रस्त्यावर
पत्ती कुठे बसवायची?

जूनच्या तिसऱ्या रविवारी
पाणी बदलायला पेटी उघडली.
भाकरी सात.
गॉज निम्म्याहून कमी.
कात्री पुसून, टोक आत करून ठेवलेली.
चादर धुतलेली.
पण तो साबण आमचा नव्हता.
घडीही आमच्या घरातली नव्हती,
कुणीतरी तिघांत चार पदर घालून
फार जपून घातलेली.

श्रीलता उंबऱ्यात केस विंचरत होती.
तिनं माझ्याकडे बघितलं,
मग पुन्हा फणीकडे.
मी कॅन रिकामा केला, विसळला, भरला.

दुपारी अशोक चौकात गेलो,
उन्हात दुकान उघडायची वाट बघत बसलो.
यादीत गॉजपुढे एक लिहिलं होतं.
त्याचे दोन केले.