उरलेलं मिनिट

क्लीव्हलँडच्या नगरसभेत नागरिकाला तीन मिनिटं.
व्हर्लीन प्रूइट माइकपाशी आली
कोट न काढताच.

"भरभर बोलते, सवय झालीय.
लेक आतून फोन करतो, मिनिटाला पैसे पडतात.
जामीन पाचशे डॉलर,
माझ्यापाशी एकशे ऐंशी.
एकोणीस दिवस झाले, खटला अजून उभा नाही.
हीटर बंद. उशीची खोळ
खिडकीच्या फटीत कोंबलीय त्यानं.
मी लोकरीचे मोजे नेले,
ते परत दिले."

भिंतीवर नव्या तुरुंगाचं चित्र:
काचा, हिरवळ, कोवळी झाडं.
माणूस काढायचा राहिलाय.

ती थांबली.
सभापती म्हणाले,
"बाई, अजून एक मिनिट आहे तुमचं."

"मग ते त्याच्या फोनवर टाका."

टिपणं घेणारा पोरगा
पेन उचलून थांबला.
रकाना कुठला?