ट्रॉलीचा ब्रेक

उद्यमनगर. मे महिना, दुपारचे तीन.
जॅकवर उचललेलं चाक
दस्तगीर मिस्त्री हातानं फिरवतोय,
कान ड्रमला लावून.
"आवळ नट. अजून अर्धा फेरा. थांब."
आत कुठंतरी लायनर घासतं, खर्र...
"आता जरासा मागं."

जुन्या केबलच्या आवरणातून
भुगा पडतो फरशीवर:
गंज, आणि गेल्या पुरातला
चिखलीचा गाळ.

त्या रात्री उतारावर
बोटीनं जीपला ढकलत नेलं
पार पाण्याच्या कडेपर्यंत.
मी पेडलवर अख्खा उभा,
ट्रॉलीचं डावं चाक धरतंय,
उजवं नुसतं पळतंय.
बोटीचं काय,
पाण्यात शिरली की तिचं वजन संपतं.
तोवर ते आमच्या पाठीवर.

मिस्त्री नवी तार ओवतो,
वरनं तेल सोडतो थेंबाथेंबानं
आणि ते खालच्या टोकाला उतरेपर्यंत
चहा पितो, बशीतून.
मग डावं फिरवतो. उजवं फिरवतो.
परत डावं.

"झालं सारखं?" मी विचारतो.
"उतारावर कळंल,"
असं म्हणून, हात पुसत,
सपाट फरशीवरच्या त्या चाकामागं
पायानं एक दगड सारतो.