दार धरून उघडा

आधी परवाना ठेवा इथे, टेबलावर.
फोनमधला फोटो नको. खरा,
ज्याच्यावर दहा वर्षांपूर्वीचे तुम्ही आहात,
आणि निघण्याआधी रांगेत उभं राहून काढलेला तो दुसराही,
आंतरराष्ट्रीय, राखाडी कागदाचा.
काल एकजण आला. परवाना घरी राहिला म्हणे, फ्रिजवर.
त्याला मी बसचं वेळापत्रक दिलं.
बस मंगळवारी असते.

हा कागद वाचा. नाही, वाचाच.
सगळे लग्नात करतात तशी सही करतात,
खालच्या ओळी न बघता.
विमा पूर्ण आहे. पूर्ण म्हणजे
टायर सोडून, काचा सोडून,
गाडीच्या पोटाखालचं सगळं सोडून,
आणि वाऱ्याने उपटलेलं दार सोडून.

हसताय.
ऑगस्टातला मेल्तेमी तुम्ही अजून बघितला नाही.
गाडी उभी करताना तिचं नाक वाऱ्याकडे करा.
एका हाताने दार धरा, मग दुसऱ्याने उघडा,
हळू,
झोपलेल्या पोराच्या अंगावरून पांघरूण काढावं तसं.
गेल्या वर्षी एक दार मी ऑलिव्हच्या झाडाखालून उचलून आणलं.
माझा अख्खा मे महिना त्या बिजागऱ्यांत गेला.

चला बाहेर.
ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी चर्चला घालतो
तशी एक प्रदक्षिणा घालू गाडीला.
फोटो काढा. छताचाही, चाकांचाही.
मी या चित्रातल्या गाडीवर फुल्या मारते:
हा ओरखडा बेल्जियमच्या एका मास्तरणीचा,
हा बकरीचा, तिला शिंगं घासायला हाच रंग आवडतो,
आणि हा पोचा माझा.
लिहिते, लिहिते, माझाही लिहिते.

अर्धी टाकी देतेय, अर्धीच परत आणा.
उत्तरेला पंप नाही.
फोन म्हणेल डावीकडे वळा. फोनला काय,
ती वाट कोरड्या ओढ्याची आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.
चढावर पहिला गिअर टाका, लाजू नका,
वळणावर हॉर्न द्या, मग समोर कोणी असो नसो.

स्कालोपेत्राच्या वळणावर
पत्र्याची एक देवळी दिसेल, खांबावर.
आत दिवा, तेलाची बाटली, काड्यापेटी.
प्रवासी तिथे गाडी हळू करतात,
बायका हात छातीशी नेतात,
बिचारा, म्हणतात, कोण गेला असेल.
कोणी गेलं नाही हो.
तिथून खाली पडून वर आला तो माझा नवरा, थ्रासोस,
एक बूट घालून, चार किलोमीटर चालत,
आणि दारात उभा राहून पहिलं वाक्य काय बोलला,
तर गाडीत चीज राहिलं.
देवळी मीच लावली. तेल रविवारी मीच घालते.
तो तिकडे फिरकत नाही.
तो काय, तो पाइप घेऊन उभा आहे ना,
गाड्या धुतो. आता फक्त धुतो.
चालवायला सांगू नका त्याला, दोन पावलंसुद्धा.

दुसरा चालक म्हणून कोणाचं नाव लिहू?
कोणाचं नाही?
बाई, तुम्हाला येते ना चालवता?
मग सांगा नाव. याचे जादा पैसे मी घेत नाही.
हा रस्ता असा आहे की
भांडण झालं तर किल्ली
कोणाच्या तरी हातात देता आली पाहिजे.

परत याल तेव्हा ऑफिस बंद असेल,
मी कोबी तोडायला गेलेली असेन.
किल्ली पायपुसण्याखाली ठेवू नका,
पोरं पहिलं तिथेच बघतात.
गाडीतच राहू द्या, काचा वर करून.
चोरून नेणार कुठे?
बोट गुरुवारी असते.