तिसऱ्या वळणावर

माझी मतं सावद्यात सगळ्यांना पाठ आहेत.
वेल्डिंगची ठिणगी थांबली की मी सुरू होतो,
दुकानाला सुट्टी एवढीच.

टीव्हीवर रात्री लागणाऱ्या त्या मोठ्या शर्यती.
पहिला आलेला पोरगा पायरीवर चढतो, बाटली फेसाळते,
राष्ट्रगीत वाजून होतं,
आणि तासाभराने कोणी कोटवाला सांगतो,
पाच सेकंद दंड, तू तिसरा.
मी म्हणतो, धूळ खाली बसायच्या आत निकाल लावा,
नाहीतर लावूच नका.
भरीत खाऊन झाल्यावर मीठ कसलं वाढता?

आणि चालक.
उशिरा ब्रेक मारतो त्याला लोक शूर म्हणतात.
मी बघतो, मूठ परत कधी पिळली.
यावलचा मुबारक तडवी तसा आहे,
वळणात बसल्यासारखा जातो, ओट्यावर बसावं तसा.
त्याच्या गाडीची चेसिस मीच जोडली, दोनदा.
दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत.

आमची शर्यत एप्रिलात, फैजपूर रोडला,
केळी काढलेल्या रानात.
उत्तरेला सातपुडा, उन्हात पुसट झालेला.
टँकरने पाणी मारलं की दहा मिनिटं माती गप्प,
मग पुन्हा उठते.
वळणांवर टायरऐवजी केळीची खोडं रचलेली.
आदळलात तर हाड वाचतं,
कपड्यावरचा डाग मात्र जन्माचा.

बघायला याल तर मंडपात बसू नका.
तिथून फक्त सुरुवात दिसते आणि पाहुण्यांच्या पाठी.
तिसऱ्या वळणाला कुंपणाशी उभे राहा,
ओला रुमाल, कळण्याची भाकरी, कानात कापूस.
तिथेच कळतं कोण भितो.

यंदा नेहेते सर म्हणाले,
मिस्तरी, एवढं बोलता, मग धरा,
आणि हातात पिवळा झेंडा दिला.

नियम सोपा. झेंडा हलतोय तोवर
कोणी कोणाला ओलांडायचं नाही.
पुढे कुणीतरी पडलेलं असतं.

सातव्या फेरीत चोपड्याची हेमाली पडली,
माझ्यापासून बारा पावलांवर,
खोडांत अर्धी, मागचं चाक अजून फिरतंय.
मी झेंडा हलवला, खांदा निखळेस्तोवर हलवला.
दोघांनी मूठ सोडली.
तिसरा आतून गेला,
वळण असं कापलं की माझ्या तोंडून
"वा!" निघून गेलं.
निळं हेल्मेट. मी जोडलेली चेसिस.

हेमाली उठली, माती थुंकली.
"काका, कोन व्हता हो तो?"
धुळीत दिसलं नाही, म्हटलं.

मुबारक पहिला आला. ढोल वाजले.
त्याने लांबून मला हात केला,
मग वाकून चेसिसवर थाप मारली.
मी उसाचा रस प्यायलो.
पुन्हा रांगेत उभा राहून दुसरा प्यायलो.
ट्रॉफी दिली गेली, आमदारांसोबत फोटो निघाला,
आणि मग मी टेबलाशी जाऊन लिहिलं:
फेरी सात, वळण तीन, गाडी एकोणीस.
नेहेते सरांनी आधी घड्याळात बघितलं,
नंतर माझ्याकडे. काही बोलले नाहीत.
बोलायला हवं होतं.

मुबारक आता भुसावळला जातो कामाला.
टीव्हीवर कोणाला दंड लागला
की दुकानातली पोरं माझ्याकडे बघतात,
मी काच डोळ्यांवर ओढून ठिणगी पेटवतो.

झेंडा परत द्यायचा राहिला.
बायको गच्चीवर बिबड्या वाळत घालते
आणि त्याने कावळे हाकलते.
चिकाचा डाग आहे त्यावर, तपकिरी, तळहाताएवढा.
मी चहाचा कप घेऊन वर चढतो,
दारातून पिवळं काही हलताना दिसतं,
आणि जिन्यातच पाय हळू पडायला लागतात.