एक सूत मोठी

मंगळवार बाजारात मी उशिरा जातो,
भंगारवाले उन्हानं कंटाळलेले असताना.
भाव पडतो, आणि कुणी विचारत नाही
म्हाताऱ्या, याचं करणार काय?

गिरणी बंद पडली तेव्हा मी फिटर होतो.
कानस कशी फिरली ते धातू मला सांगतो.
ही बांगडी तोफेच्या पितळी टोपणातली,
घाईत कापलेली, कड अजून बोचते.
हा बदाम विमानाच्या काचेचा,
राखुंडीनं घासून चमकवलेला,
मागे 'शां' कोरलंय आणि जागा संपलीय.
शांता होती का शांभवी, बसा आता शोधत.

सोनाराच्या हातची नव्हेत ही कामं.
लढाईत दुपारी रिकामे बसलेल्या माणसांची आहेत.

भद्रावती पेठेतल्या गुंडेटींच्या नातवानं
बिडीच्या कागदातून एक अंगठी काढली.
"आज्जी गेली. चांदी नाही, काही नाही.
बगा काय येतंय त्याचं."
तीनशे दिले.
आजोबा परत आले होते का, विचारलं.
"फोटो हाय की घरात," म्हणाला आणि नोटा मोजल्या.

घरी भिंगाखाली धरली.
ॲल्युमिनियम. वजन लागतच नाही हाताला.
वर काठावरची रुईफुलं, बारीक, एकसारखी,
मागावर वाढलेल्या माणसाचाच हात.
आशण्णा इटलीत कुठंतरी
पडलेल्या विमानाचा पत्रा कापत बसला असणार.
बोटाचं माप विचारणार कुणाला?
आठवणीनं घेतलं. चुकलं.
आमच्या भाषेत, एक सूत मोठी झाली.

नरसम्मानं मागच्या बाजूला सूतच गुंडाळलं.
आत लाल, त्यावर हिरवं, वर पांढरं
तंबाखूनं पिवळं पडलेलं.
ज्या वर्षी मागावर जे होतं ते.
बोट वाळत गेलं तसे फेरे वाढले,
आणि प्रत्येक टोकाला तीच गाठ,
तुटलेला धागा जोडतात ती.

पुण्याहून एक संग्राहक आला होता.
म्हणाला, सूत काढा, खाली नाव असेल,
किंमत दुप्पट होईल.
मी त्याला चहा पाजला.
चादरी घ्यायच्या असतील तर
ओळखीचं दुकान आहे म्हणालो.

खाली नाव असेलही.