दोराचं खालचं टोक

कड्याच्या पायथ्याशी गाढव उभं करते
आणि पोत्याचं तोंड पुन्हा एकदा आवळते.
सातू, अर्धं पोतं. यंदा तेवढेच झाले.
वरून दोर येतो,
बैलाच्या चामड्याचे पदर वळून केलेला,
माझ्या मनगटाएवढा जाड,
कुणाकुणाच्या तळहातांनी काळा पडलेला.

वर मठ आहे.
बायकांनी चढायचं नाही, असा नियम;
कुणी केला, ते आता कुणालाच आठवत नाही.
माझा नवरा चढायचा.
उतरला की मी विचारायची, कसं आहे वर?
म्हणायचा, वारा आहे. एक टाकं आहे, हिरव्या पाण्याचं.
आणि?
आणि काय, लेतेब्रहान. वारा आहे.

चाळीस वर्षं मी धान्य बांधते आहे
त्या वाऱ्यासाठी.

गाठ माझ्या आईची.
दोन वेढे, खालून काढायची, दातांनी ओढायची.
आता दात नाहीत, म्हणून शेवटचा हिसका
हाफ्तोमची मुलगी देते.

पहाटे वरून उपासना ऐकू येते,
आधी ढोल, मग माणसं.
भाषा गिइझ. आमच्या घरात कुणालाच येत नाही.
फादर किरोस म्हणतात, त्यांनाही निम्मीच कळते,
उरलेली निम्मी पाठ आहे.
मला एकच शब्द ओळखू येतो, एग्झिओ, हे प्रभो,
तो आला की मी वाकते.
बाकी सगळं डोक्यावरून जातं.
जाऊ दे. ते डोक्यावरच्यासाठीच आहे.

टोळ आले त्या वर्षी
माझी धाकटी, मेहरेत, तापात गेली.
सहा वर्षांची. तिच्या मुठीत भाजलेले दाणे होते,
ते कुणी काढून घेतले नाहीत.
पुढच्या रविवारी मी पोतं आणलं नाही.
रिकामी आले आणि दोर दोन्ही हातांनी ओढला,
असा ओढला की कुणीतरी पडावं.
संन्यासी पडावा, देव पडावा, कुणीही.
म्हटलं, खाली ये.
एकदा खाली ये आणि माझ्या तोंडावर सांग.

कुणी पडलं नाही.
दोर ताठ झाला, आणि वरून
कुणीतरी हळूच उलट ओढलं.

ते उत्तर होतं, असं मी म्हणणार नाही.
कुणी म्हातारा असेल, धान्य आलं समजून
वजन जोखत असेल.
पण वजन मी होते.
आणि त्या टोकाला हात होता.

परवा मेकेलेहून भाचा आला, गिदेय,
उडणारा कॅमेरा घेऊन.
म्हणाला, मावशी, दाखवू का एकदाचं, वर काय आहे ते?
मी त्याच्या फोनमध्ये पाहिलं.
दगडी छप्पर. टाकं, हिरवंच. नवरा खोटं बोलत नव्हता.
दोरीवर वाळत घातलेलं एक पांढरं वस्त्र, फडफडणारं.
छान आहे, म्हटलं.
पण हे तर माणसांचं घर झालं रे.
तो कॅमेरा आणखी वर नेऊ लागला,
बॅटरी संपली.

प्रभो, बाईला वर येता येत नाही,
आणि तू खाली आलास तो बाईच्या पोटी,
दोर नाही, शिडी नाही, नऊ महिने अंधारात.
हे मला कळत नाही.
कळलं असतं तर तुलाही
पोत्यात बांधून घरी नेला असता,
कणगीत ठेवला असता, मापाने काढला असता.
बरं झालं, मावत नाहीस.

मेहरेतचा हिशेब मी अजून मागते.
आणि तुझी स्तुतीही करते, त्याच तोंडाने,
माझ्याकडे दुसरं तोंड नाही.

चला. हिसका बसला, गाठ धरली.
पोतं उचललं जातं, कड्याला घासतं, गिरकी घेतं,
भुसा माझ्या डोळ्यांत पडतो,
ओठांवर पडतो.
मी मान वर करूनच उभी.
आमेन, म्हणते,
आणि थोडा भुसा गिळते.